म्हातारा बँड नव्या पोट्ट्याईपुढं टिकते का?

पऱ्हाटीवाला

राम राम मंडळी. चार-पाच वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरची आठ एकर, त्यात पऱ्हाटी आणि तूर, जोडीला मंडप-साउंडचा धंदा. म्हणजे गाण्याशी संबंध रोजचा, पण तो असा, की नवरदेव घोड्यावर बसला की पोट्टे म्हणतील ते वाजवायचं. माझी स्वतःची गाणी वेगळी. नव्वदीत अमरावतीला शिकायला होतो, तिथं रूम पार्टनरकडं रोलिंग स्टोन्स या विलायती रॉक बँडची एक कॅसेट होती. इंग्रजी निम्मं डोक्यावरून जायचं. तरी ती कॅसेट इतकी घासली, की एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला उमटायला लागला.

मुद्द्यावर येतो. पुतण्या नागपूरला इंजिनिअरिंगला आहे. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर ॲक्सल गातो तो गन्स एन रोझेस हा रॉक बँड येऊन गेला, तिथं हा गेला होता. तिकीट, रेल्वे, खाणं-राहणं मिळून माझ्या हिशेबानं दोन क्विंटल कापूस गेला. परत आला, ओट्यावर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "काका, ॲक्सलचा आवाज गेला. पण मी रडलो." पुढच्या मिनिटाला मोबाइलवर कोणाचं तरी रॅप लावून आंघोळीला गेला.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. रोज एक नवा गाणारा निघतो, पोट्टे पंधरा सेकंदांत गाणं बदलतात. अशात साठी-सत्तरी-ऐंशीतल्या लोकांनी टिकावं कशाच्या जोरावर? आणि 'टिकले' म्हणजे नेमकं काय झालं म्हणायचं?

माझाच एक किस्सा सांगतो. एप्रिल २००३, स्टोन्स मुंबईला ब्रेबॉर्नवर येणार होते. आम्ही तिघं बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसनं निघालो, जनरलच्या डब्यात, संडासाजवळ पेपर टाकून. हिशेब सरळ होता. त्यांचा गायक जॅगर साठीला टेकला, आता नाही पाहिला तर कधीच नाही. लांबून तो बोटाएवढा दिसत होता, पण सारखा पळत होता. माझ्या डोळ्यांपुढं मात्र राहिला मागं ड्रमवर बसलेला चार्ली वॉट्स. चेहऱ्यावर काही नाही, मान हलत नाही. तालुक्याच्या बँकेतला कॅशियर नोटा मोजतो ना, तसा वाजवत होता. एक नोट इकडची तिकडं नाही. घरी येऊन आईला सांगितलं, बुढ्याईचा शेवटचा कार्यक्रम पाहून आलो.

चार्ली २०२१ मध्ये गेला. माझी आई गेली. आम्हा तिघांतला एक गेला. आणि जॅगरनं ऐंशी पूर्ण करून २०२३ मध्ये नवीन अल्बम काढला. तो शेवटचा कार्यक्रम काही अजून झालेला नाही.

तर बोला.

तर्री_पोहे

पयला नंबर माझा! धागा आवडला भाऊ. सविस्तर सांजच्याले लिहितो, आत्ता ऑफिसात साहेब मागं उभा आहे.

आडवा_पाट

इकडं सोयाबीनले भाव नाई, विहिरीत पानी नाई, आन् तुमाले जॅगरची पडली. कोन आहे बे हा जॅगर?

पऱ्हाटीवाला

@आडवा_पाट, सोयाबीन मीही पेरलं होतं मागं दोन हंगाम, म्हणून तर गाणं ऐकाव लागते. जॅगर म्हणजे आपल्या भजन मंडळातला तो बुढा समज, जो दर वर्षी म्हणते "यंदा शेवटचं" आणि पुढच्या वर्षी पेटी घेऊन सगळ्यात आधी हजर रायते.

आडवा_पाट

हाव, तसा एक आहे आमच्याकडं. मंग समजलं.

डबल_बेस

धागाकर्ते, तुमच्या 'टिकणं' या शब्दात फार गोष्टी कालवल्या गेल्यात. जुनं ऐकलं जाणं वेगळं आणि जुन्या बँडनं आज केलेलं नवं काम ऐकलं जाणं वेगळं.

पहिल्यात जुने लोक मजेत आहेत. अमेरिकेत जितकं संगीत ऐकलं जातं, त्यातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास जुन्या साठ्यातलं असतं. मेटॅलिका या बँडचं 'मास्टर ऑफ पपेट्स' हे गाणं १९८६ चं. २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत एक पात्र ते गिटारवर वाजवतं, आणि छत्तीस वर्षांनी ते गाणं चार्टवर चढलं. त्या वेळी ज्यांनी ते शोधलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे आईबापही १९८६ मध्ये शाळेत असतील. बीटल्सचं २०२३ चं गाणं घ्या. त्या चौघांतला लेनन १९८० मध्ये गेला, हॅरिसन २००१ मध्ये. लेननचा आवाज घरी पियानोवर बसून टेप केलेल्या साध्या कॅसेटवरचा. पियानो आणि खरखर बाजूला करून संगणकानं आवाज तेवढा उचलला, राहिलेल्या दोघांनी बाकीचं भरलं, आणि ब्रिटनमध्ये गाणं पहिल्या नंबरवर गेलं.

दुसऱ्यात मात्र बोंब आहे. स्टोन्सच्या त्या २०२३ च्या अल्बममधलं एक तरी गाणं तुमच्या पुतण्यानं गुणगुणलंय का, विचारा.

आडवा_पाट

मेलेले मानसं पयल्या नंबरवर. मंग नव्या पोट्ट्याईनं का गोट्या खेळाव?

मुंबैकर_नाइलाजाने

@डबल_बेस, त्या सत्तर टक्क्यांत एक ग्यानबाची मेख आहे. त्यांच्या हिशेबात दीड वर्षाहून जुनं झालं की गाणं 'कॅटलॉग'मध्ये गेलं. म्हणजे गेल्याच्या गेल्या दिवाळीला आलेलं गाणंही जुनं. त्यावरून सत्तरच्या दशकातले लोक जिंकले असा निष्कर्ष काढायचा म्हणजे गावातली चार वर्षांवरची सगळी पोरं ज्येष्ठ नागरिक धरण्यासारखं आहे.

बाकी स्टोन्सचा २०२४ चा अमेरिकेचा दौरा कोणी प्रायोजित केला माहीत आहे का? एएआरपीनं. निवृत्त लोकांची संघटना आहे ती तिकडची. मी वाचलं तेव्हा वाटलं कोणी तरी चेष्टा केलीय. तर प्रेक्षक कोण आहे, हे बँडला पक्कं माहीत आहे. ज्यांची पोरं मार्गी लागली, घराचं कर्ज फिटलं, आणि गुडघे अजून साथ देतायत, असे लोक. नव्या कलाकाराचा चाहता फुकटात ऐकतो, जुन्याचा चाहता तिकीट काढतो. धंदा त्यावर चालतो.

डबल_बेस

दीड वर्षाचा मुद्दा मान्य. मी ते लिहायला हवं होतं.

धानाची_बांधी

नमस्कार जी. मी साकोलीकडचा. रॉकबिक मला फारसं समजत नाही, पण प्रश्न आमच्या घरचाच आहे म्हणून लिहितो.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, आणि मंडई आली की नाटक. नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशाला. एकेका गल्लीत पाट्याच पाट्या, गावचे लोक तिथं जाऊन नाटक ठरवतात. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि कोंबडं आरवेपर्यंत चालते. थंडी मरणाची. बाया ब्लँकेट घेऊन येतात, पोरं मांडीवर झोपलेली असतात. अन् तिकीट काढून, बरं का. कोणाच्या घरचं फुकट नाही.

आता ऐका. आमच्याकडं नट म्हातारा चालते. परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली, पाच हजारांवर प्रयोग केलेला माणूस. असे नट पन्नाशी-साठी ओलांडून उभे राहतात आणि लोक पोस्टरवर आधी त्यांचं नाव शोधतात. पण नाटक दर हंगामाला नवं लागते जी! मागल्या वर्षीचं नाटक यंदा त्याच गावात आणलं तर लोक म्हणतील, आम्हाला येडे समजता का? हुंडा, दारू, सावकार, आता मोबाइल, काही तरी ताजं पाहिजेच. नट तोच, त्याची एंट्रीची लकब तीच, शिट्ट्या तिथंच. गोष्ट मात्र नवी.

तुमच्या बँडचं उलटंच दिसते. मानसंही जुनी आणि गाणंही तेच जुनं पाहिजे. मग तो नवं करन कशाला?

तर्री_पोहे

सांज झाली, साहेब गेला.

@धानाची_बांधी, तुमचा प्रतिसाद वाचून मला माझं २००७ आठवलं. १७ मार्च २००७, बेंगळुरू, आयर्न मेडन बँड. नागपूरहून आम्ही पाच जण गेलतो. आधी दिल्लीच्या परिक्रमा बँडनं वाजवलं, मग हे आले. त्यांचा नवा अल्बम आदल्याच वर्षी आलेला, त्यातली गाणी ते मनापासून वाजवत होते. आणि खरं सांगतो, नवं गाणं सुरू झालं की माझ्या बाजूचे दोघं पाणी प्यायले जायचे. मीही एका गाण्याले गेलो. गायक घसा फोडून सांगते की हे ऐका, आणि आम्ही पाण्याच्या लायनीत.

मंग १ फेब्रुवारी २००८ ले ते परत आले, मुंबईले. त्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून होती. स्वतःचं बोइंग ७५७, आणि चालवते कोण? तर गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः, लायसन्सवाला पायलट आहे तो. ह्या खेपेले त्याईनं बहुतेक सारं ऐंशीच्या दशकातलं वाजवलं. आता पाणी प्यायले कोणीच नाही गेलं. घसे बसले पण जागा नाही सोडली.

तवा लयच खुश होतो. आता वाटते, पयल्या वर्षी आलता तो बँड होता. दुसऱ्या वर्षी आलती ती आमची कॅसेट होती, विमानात बसून.

अंबानगरी

शेवटच्या ओळीला दंडवत!

माजघर

सगळे पुरुषच लिहितायत, म्हणून मी येते.

माझी मुलगी नववीत आहे. आठवडी बाजारातून दीडशे रुपयांचा काळा टी-शर्ट घेऊन आली. त्यावर पिवळा वाकडातिकडा हसरा चेहरा, डोळ्यांच्या जागी फुल्या, जीभ बाहेर. वर 'निर्वाणा'. माझ्या सासूबाईंनी वाचलं, "निर्वाणा म्हणजे बुद्धाचं का गं?" तिला वाटत होतं ती कपड्याची कंपनी आहे. चपलेची असते तशी. मी सांगितलं, अगं, बँड होता तो, त्यांचा गायक १९९४ मध्ये गेला, तुझ्या मामाच्या खोलीत फोटो होता. तर म्हणाली, "म्हणजे आता नाहीये? मग टी-शर्ट कसा काय?"

या "मग टी-शर्ट कसा काय" ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण मजा पुढं आहे. दोन दिवसांनी ती तुरीच्या शेंगा सोलायला बसली, कानात ते बोंडूक. विचारलं, काय ऐकतेस? तर निर्वाणा. म्हणे, जिचा टी-शर्ट घातला ते माहीत नसलं की वर्गात हसतात. चार गाणी ऐकली, एक आवडलं, आणि परत तिच्या कोरियन पोरांकडं गेली.

हे लोकप्रिय असणं म्हणायचं का? मला नाही वाटत. आणि नाही म्हणायलाही जीभ रेटत नाही.

पऱ्हाटीवाला

ताई, "मग टी-शर्ट कसा काय" हेच धाग्याचं नाव ठेवायला पाहिजे होतं.

पण मला एक विचारायचं आहे. निर्वाणा थांबला म्हणून तो तसाच राहिला, सत्तावीस वर्षांचा. स्टोन्स थांबले नाहीत म्हणून सुरकुत्यांसकट समोर आहेत. यात टिकला कोण?

निळी_पाखरं

जय भीम मंडळी. वीस वर्षं गायन पार्टीत ढोलक वाजवली, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजतो. थोडं लांबेल.

१४ एप्रिल आला की आमचा महिनाभर हंगाम. आज पुसद, उद्या आर्णी, परवा पुलगाव. रात्रभर गाडीत, दिवसा कोणाच्या तरी घरी भाजी-भाकर आणि झोप. पूर्वी दोन पार्ट्यांचा मुकाबला असायचा. एका स्टेजवर आम्ही, समोर दुसरी पार्टी, यांनी गाण्यातून सवाल टाकला की त्यांनी गाण्यातूनच जवाब द्यायचा. हजार-दोन हजार लोक जमिनीवर बसून. जवाब चांगला आला की दहाच्या नोटा, वीसच्या नोटा, पेटीवर ठेवायला लोक उठून यायचे. मी वाजवता वाजवता डोळ्याच्या कोपऱ्यातून नोटा मोजायचो, खोटं कशाला सांगू.

भीमगीतं लिहिणारे वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. त्यांची गाणी आज माझ्या उमेदीच्या काळाहून जास्त वाजतात. पण वाजतात कुठं? डीजेवर. खाली धडधड घातलेली, वर दादांचे शब्द, आवाज कोण्या विशीतल्या पोराचा. पोरं नाचतात, आणि शब्द पाठ असतात त्यांना, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणून मी रागवत नाही. पण पार्टीला बोलावणं येत नाही. आमच्या गायकाला गेल्या हंगामात चार कार्यक्रम मिळाले. चार. वय अडुसष्ट, आवाज अजून काचेसारखा.

तर साकोलीवाले भाऊ म्हणतात त्यांच्याकडं माणूस जुना आणि नाटक नवं. आमच्याकडं गाणं जुनं आणि माणूस नवा. गाणं तरलं, पार्टी बुडाली. म्हातारा बँड टिकतो का, हे विचारताना एवढं विचारा, की त्यांच्या गाण्याला आता त्यांची गरज उरलीय का?

डबल_बेस

@निळी_पाखरं, तुम्ही ढोलकवाले म्हणून तुम्हालाच सांगतो, कारण हे बाकीच्यांना पटणार नाही. बँड गायकावर किंवा गिटारवर बुडत नाही. तो तालवाल्यावर बुडतो किंवा तरतो.

लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बोनहॅम १९८० मध्ये गेला आणि बाकी तिघांनी दुकान बंद केलं, जगातला सगळ्यात मोठा बँड असताना. स्टोन्सनी चार्लीच्या जागी स्टीव्ह जॉर्डनला बसवलं आणि पुढच्याच महिन्यात दौऱ्यावर गेले. यू-टू लास वेगासच्या त्या गोल स्फिअरमध्ये २०२३-२४ मध्ये चाळीस कार्यक्रम करून आले, आणि त्यांचा मूळ ड्रमर एकाही कार्यक्रमाला नव्हता, शस्त्रक्रियेमुळं.

आणि आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण इंडियन ओशन. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेला बँड. असीम चक्रवर्ती तबला वाजवायचा आणि त्याच वेळी गायचा. २००९ च्या डिसेंबरमध्ये तो गेला. तबला वाजवता वाजवता तसं गाणारा दुसरा माणूस आणायचा कुठून? त्यांनी आणलाच नाही. तबल्याला तुहिन चक्रवर्ती आणि गायला हिमांशू जोशी, एकाच्या जागी दोघं. पुढं गिटारवाला सुस्मित सेनही निघाला, तिथं निखिल राव आला. जुन्या चौघांतले राहुल राम आणि अमित किलम दोघंच उरले. आणि 'मसान' सिनेमातलं रेल्वेच्या पुलाचं ते गाणं, जे आजची कॉलेजची पोरं गिटार शिकताना वाजवतात, ते या नव्या मांडणीनंतरचं आहे, २०१५ चं. म्हणजे पंचवीस वर्षांच्या बँडला नवं गाणं लागू पडलं.

निळी_पाखरं

एकाच्या जागी दोन. हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. आमचा पेटीवाला गेला तेव्हा आम्ही दोन वर्षं त्याच्यासारखाच शोधत राहिलो.

अंबानगरी

भजन मंडळाचं उदाहरण वर ओझरतं आलंय, त्याच्यावर थोडं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले. त्यानंतर इतकी वर्षं झाली तरी आमच्या तालुक्यातल्या गावागावांत सांजची सामुदायिक प्रार्थना होते आणि खंजिरी वाजते. एका माणसाच्या आवाजावर उभं असतं तर हे कधीच मोडलं असतं. प्रत्येक गावात कोणी तरी खंजिरी उचलली. आणि सत्यपाल महाराजांनी तर एकाच्या जागी सात खंजिऱ्या मांडल्या समोर. पोरं मोबाइलवर त्यांचे तुकडे बघतात, हसतात, आणि हसता हसता दारू-हुंड्यावरचे चार टोले खातात.

मला म्हणायचंय ते इतकंच, की वाद्य दुसऱ्याच्या हातात जाऊ देणं जमलं पाहिजे. रॉकवाल्यांना ते जड जात असावं, तिथं चेहरा विकला जातो.

मुंबैकर_नाइलाजाने

तुलना जरा ताणली जातेय असं नाही वाटत? तुकडोजी महाराजांची प्रार्थना ही चळवळ आहे, तिला तिकीट नाही. बँड हा धंदा आहे. भक्त आणि गिऱ्हाईक यांच्यात काही फरक ठेवाल की नाही?

अंबानगरी

गन्स एन रोझेससाठी दोन क्विंटल कापूस घालवणारा गिऱ्हाईक होता का भक्त, ते धागाकर्त्यांच्या पुतण्यालाच विचारा.

तोच_पुतण्या

विचारा की. काकांनी लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं.

सगळ्यात आधी, मी रडलो नव्हतो. मे महिना होता, घाम होता. (काका, हे गावात सांगत फिरू नका.)

दुसरं, 'आवाज गेला' मी म्हणालो, पण ते अर्धंच सांगितलंय. त्यांचा पहिला अल्बम १९८७ चा. माझा जन्म त्यानंतर सोळा वर्षांनी. मी ती गाणी पाच वर्षं इयरफोनमध्ये ऐकलेली. कानात जो ॲक्सल आहे तो पंचविशीतला. समोर जो होता तो त्रेसष्टचा. माझ्या डोक्यात तो सारखा त्या पंचविशीच्या पोराकडून हरत होता. त्या रात्री स्टेजवर दुसरा कोणी नवा कलाकार नव्हता, तरी तो हरत होता. मग मध्येच एका गाण्यात गिटारवाला स्लॅश पुढं आला, टोपी तीच, आणि ते सोलो त्यानं रेकॉर्डवर आहे तसं वाजवलं नाही. थोडं लांबवलं, एका जागी अडला, परत आला. ते मी आधी कधी ऐकलंच नव्हतं. तिथं तो घाम आला.

ड्रमर मार्चमध्येच आलेला नवा माणूस होता, हे मला घरी येऊन कळलं. डबल_बेस सर, म्हणजे तुमचं बरोबर आहे किंवा माझे कान कच्चे आहेत.

आणि रॅप मी ऐकतो कारण ते आमच्या भाषेत बोलतं. इंग्रजी रॉक मला अजूनही सबटायटल लावल्यासारखं ऐकावं लागतं. नागपूरच्या पोट्ट्यानं वऱ्हाडीत शिवी हासडली की थेट पोचते. यात कोणी कोणाला हरवत नाही. सकाळी पोहे खाल्ले म्हणून रात्री भाकर खात नाही असं असतं का?

पऱ्हाटीवाला

घाम होता म्हणे. बरं बाबा, घाम.

आडवा_पाट

मी त्या जॅगरले पाह्यलं यूट्यूबवर. ऐंशीचा बुढा कमरेतून कसा हालते बे! आमच्या बाले पाय मोडून उठता येत नाई. पण एक सांगतो, गानं मले नाई आवडलं. बुढा आवडला.

माजघर

आडवा_पाट भाऊंनी पन्नास प्रतिसादांचं काम एका ओळीत केलं.

एक शंका. २०२५ च्या सव्वीस जानेवारीला कोल्डप्लेचा अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला. आमच्या घरी झेंडावंदन, जिलेबी झाल्यावर संध्याकाळी मुलीनं तो लावला, आणि मध्येच रेंज गेली की घरातले सगळे हॉटस्पॉट आळीपाळीनं. तिच्या लेखी तो जुना बँड, "मम्मीच्या वेळचा". माझ्या लेखी नवा, कारण माझं लग्न ठरलं तेव्हा ते कोणाला माहीत नव्हते. पहिला अल्बम २००० चा. तर या धाग्यात 'म्हातारा' कोणाला धरायचं, ते आधी ठरवा.

तर्री_पोहे

ज्याच्या नव्या गाण्याले लोक पाणी प्यायले जातात तो म्हातारा. वय काहीही असो.

धानाची_बांधी

हे पटलं जी. आमच्याकडं एका कंपनीनं मागं ऑर्गन काढून कीबोर्ड ठेवला होता. ऑर्गनवाला साठीचा, पायानं भाता मारून मारून गुडघा गेलेला, म्हणून. कीबोर्डवाला पोरगा हुशार, सगळे आवाज काढी. पण नाटकात बाप मरते त्या ठिकाणी तो सूर लांबवायचा असतो, नट रडणं आटपेपर्यंत. ऑर्गनवाला नटाच्या पाठीकडं पाहून लांबवी. पाठ हालायची थांबली की सोडी. पोरगा स्क्रीनकडं पाही. नट एका दिशेनं, सूर दुसऱ्या दिशेनं. पुढच्या हंगामात म्हाताऱ्याला परत आणलं आणि पोराला बाजूला बसवलं. आता भाता पोरगा मारते, बोटं म्हाताऱ्याची. दोघं मिळून एक बाजा.

डबल_बेस

परत एकाच्या जागी दोन.

निळी_पाखरं

साकोलीवाले भाऊ, तो पोरगा पाठ बघायला शिकला का?

धानाची_बांधी

शिकून राहिला जी. मागल्या मंडईत दोनदा चुकला फक्त.

मुंबैकर_नाइलाजाने

पऱ्हाटीवाले, ती घासलेली कॅसेट अजून आहे का? माझ्याकडं गावच्या घरी शंभरेक कॅसेट पडून आहेत, त्यात नव्वदीतले बरेच रॉकवाले. आईनं दोनदा भंगारात घालायला काढल्या. तुम्हाला पाहिजे असतील तर दिवाळीला येताना दारव्ह्यापर्यंत पोचवतो.

पऱ्हाटीवाला

आंधळा मागतो एक डोळा! नक्की आणा. माझीही आहे, कव्हर उंदरानं खाल्लं, पण फीत शाबूत आहे. अडचण प्लेअरची आहे. बेल्ट ढिला पडला. पहिलं अर्धं मिनिट बरं चालते, मग वेग उतरत जाते आणि जॅगर म्हशीसारखा रेकायला लागते.

तर्री_पोहे

प्लेअर उघडून बेल्ट काढा, सुतळीनं माप घ्या आणि मले पाठवा. सीताबर्डीले एक बुढा बसते, त्याच्याकडं अजून सगळ्या मापाचे बेल्ट भेटतात. शनिवारी जातो मी. दुपारच्या आधी जाव लागते, जेवण झालं की झोपते तो दुकानातच.